शंकररावांची २०२ मते

१९५० साली काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक तिरंगी झाली. टंडन १३०६, कृपलानी १०९२, शंकरराव देव २०२. देवांनी मते फोडली म्हणून पटेलांचे टंडन तरले व नेहरूंना हवे असलेले कृपलानी पडले, असे म्हणणाऱ्यांनी निदान बेरीज तरी करावी. देवांचे एकूणएक मत कृपलानींच्या पदरात घातले तरी भरतात १२९४, बारा उणेच! मग शंकररावांचा अपराध कोणता? दोन बलाढ्यांच्या ओढाताणीत मतदारांपुढे तिसरे नाव ठेवले, हाच ना? आम्हांस मताधिकार असता तर आमचे मत निःसंशय शंकररावांसच पडते. त्यांनी काँग्रेसच्या चिटणीसपदाचा भार वाहिला होता; कार्यकर्ता त्यांस ठाऊक होता. पुढच्याच महिन्यात अधिवेशन भरले ते नाशकास, महाराष्ट्राच्या अंगणात, टंडनांच्या अध्यक्षतेखाली. १९५१ च्या सप्टेंबरात टंडनांनीही राजीनामा दिला आणि ते पद नेहरूंनी स्वतःकडे घेतले.