ग्राफिक्स कार्डाची पारख

हमरापूर किंवा जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत जो कोणी चतुर्थीपूर्वीं एकदां डोकावला असेल, त्याच्या दृष्टीस एक गोष्ट पडली असेलच. अंगास रंग देणारे हात पुष्कळ असतात. परंतु डोळ्यांची आखणी करणारा कारागीर येईपर्यंत मूर्तींच्या रांगा तशाच खोळंबून राहतात. मूर्ति एक फुटाची असो वा पांच फुटांची, गिऱ्हाईक प्रथम डोळे पाहतें, मग किंमत विचारतें. ग्राफिक्स कार्डाविषयीं लिहितांना ही आठवण कां झाली, तें पुढें कळेल.

गतवर्षीं हमरापूरचे एक गृहस्थ आपल्या मुलासह मजकडे आले. मुलानें सुट्यांमध्यें घरच्याच कारखान्यांत काम करून कांहीं पैसा सांठविला होता, व आभासी वास्तवाचे, ज्यास सर्वत्र व्हीआर म्हणतात त्याचे, खेळ खेळण्याकरितां त्यास संगणकांत नवें ग्राफिक्स कार्ड बसवावयाचें होतें. त्याची निवड ठरलेली होती: आरटीएक्स ४०९०. २०२२ सालीं हें कार्ड १५९९ डॉलर किंमतीस निघालें. सांठविलेला पैसा अर्थातच पुरत नव्हता. उरलेली रक्कम पुढील हंगामाच्या शाडू-रंगांसाठीं राखून ठेवलेल्या पैशांतून घालावी, इथपर्यंत वडिलांचें मन वळलें होतें. "गुरुजी, पोरगा हुशार आहे; त्याचें मन कां मोडावें?" असें ते म्हणाले. मन मोडूं नये हें मलाही मान्य. परंतु ज्या घरांत वर्षाचें उत्पन्न एकाच सणावर येतें, तेथें हंगामाच्या भांडवलास हात लावण्यापूर्वीं तें कार्ड खरोखर करतें काय, हें पाहणें प्राप्त होतें.

व्हीआरच्या हेडसेटांत प्रत्येक डोळ्यासमोर निराळें चित्र असतें, व दोहोंतील किंचित् फरकामुळें मेंदूस खोली भासते. म्हणजे कार्डास एकच देखावा दोन डोळ्यांसाठीं दोनदां रेखाटावा लागतो. आणि तोही सेकंदास बहुधा ७२ किंवा ९० वेळां. ९० च्या हिशेबानें एका खेपेस ११ मिलिसेकंदांहून किंचित् अधिक वेळ मिळतो. तेवढ्यांत काम न उरकल्यास मागचेंच चित्र थोडें सरकवून पुन्हा दाखविलें जातें. मान वळते, देखावा अडखळतो, आणि खेळणाराच्या पोटांत ढवळूं लागतें. टेबलावरच्या पडद्यावर हा दोष सहन होतो, डोळ्यांवर बांधलेल्या पडद्यावर होत नाहीं. म्हणून 'सेकंदास सरासरी इतकीं चित्रें' अशा जाहिरातीवर मी विसंबत नाहीं. हमरापूर स्थानकावर गाडी सरासरीनें वेळेवर येते असें कोणीं सांगितलें, तरी परीक्षेच्या दिवशीं ती उशिरा आली तर त्या सरासरीस काय करावयाचें? कार्डाची परीक्षा त्याच्या सर्वांत वाईट क्षणावरून करावी.

मीं मुलास विचारलें, "हेडसेट कोणता आहे?" तो नव्हताच! वडील त्या दिवशीं प्रथमच हंसले. परंतु ही चूक त्या एका मुलाची नव्हे. मोठमोठीं माणसेंही कार्ड आधीं घेतात व हेडसेट मागाहून शोधतात. वस्तुतः काम किती हें हेडसेट ठरवितो. साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार बिंदु असतात. २०१६ सालच्या रिफ्ट व व्हाइव या हेडसेटांत दोन्ही डोळ्यांचे मिळून सुमारे २६ लाख होते, आणि जीटीएक्स ९७० सारखें कार्ड त्यांस पुरें पडत असे. २०२४ सालच्या क्वेस्ट ३एस मध्यें ते सुमारे ७० लाख, तर २०२३ सालच्या क्वेस्ट ३ मध्यें ९१ लाखांवर आहेत. शिवाय क्वेस्टच्या पोटांत स्वतःचा प्रोसेसर असल्यामुळें त्याचे स्वतःचे खेळ खेळण्यास कार्ड मुळींच लागत नाहीं. संगणकावरचे खेळ हवे असतील तरच तें लागतें.

तें लागलेंच, तर मध्यम प्रतीचें कार्ड घ्यावें असें माझें स्पष्ट मत आहे. आरटीएक्स ४०६० हें २०२३ सालीं २९९ डॉलरांस निघालें व सुमारे ११५ वॅट वीज घेतें. उलट ४०९० ला ४५० वॅट लागते, म्हणजे जुना पॉवर सप्लायही बदलणें आलें. नवें तें सर्वस्वीं सरस असेंही समजूं नये: २०२१ सालच्या ३०६० मध्यें १२ जीबी स्मृति मिळे, ४०६० मध्यें ८ च आहे. स्वस्ताईचेंही आंधळेपण नको. २०२२ सालच्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाची किंमत पाहून अनेकांस मोह पडला असेल. परंतु चित्रांचा व्हिडिओ करून पाठविण्याची यंत्रणाच त्यांत नाहीं, आणि क्वेस्ट संगणकास जोडतांना नेमकी तीच लागते. जुनीं कार्डें घेतांनाही सावध असावें. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या आभासी चलनाचें ग्राफिक्स कार्डांवरील उत्खनन बंद पडलें, व महिनोन् महिने अहोरात्र राबलेलीं कार्डें विक्रीस आलीं. दुकानांत अर्धा तास खेळ चालवून, पंख्याचा आवाज ऐकून, मगच पैसे मोजावे.

कांहीं पालक म्हणतात, एकदांच भारी घ्यावें म्हणजे पुन्हा खर्च नको. लोखंडी कपाटाच्या बाबतींत हें खरें आहे. कार्डाच्या बाबतींत दोन-तीन वर्षांत त्याच किंमतीस नवें येतें. २०२५ सालीं २९९ डॉलरांसच ५०६० निघालें.

शेवटीं बापलेकांनीं क्वेस्ट ३एस घेतला, आणि कार्ड चतुर्थीचा हिशेब झाल्यावर, मध्यमच, मुलाच्या स्वतःच्या पैशांतून. शाडूच्या पैशास धक्का लागला नाहीं. पुढें तो मुलगा ब्लेंडर या विनामूल्य प्रोग्रॅमवर मूर्तीचा नमुना घडवूं लागला. त्या प्रोग्रॅमांत २०२० पासून हेडसेट लावून आपलें काम न्याहाळतां येतें. एके सायंकाळीं त्यानें हेडसेट वडिलांच्या डोळ्यांवर चढविला. ते बराच वेळ उभे राहिले, मान इकडून तिकडे वळविली, आणि म्हणाले, "अरे, डावा डोळा जरा खालीं उतरला आहे."