उथळ पाण्याची बाजू

शोभेच्या माशांच्या एका दुकानात मी सायंकाळी काम करतो. कॉलेजची फी त्यातूनच निघते. खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायला आलेले गिऱ्हाईक ती उंचच मागते. दिवाणखान्यात उठून दिसते ना!

माझे मत नेमके उलट आहे. ६० सें.मी. लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच टाकी २१६ लिटरची. १२० लांब, ६० रुंद आणि अवघी ३० सें.मी. उंच टाकीही २१६ लिटरचीच. पण पाण्याचा पृष्ठभाग पाहा: पहिलीचा ३६०० चौरस सें.मी., दुसरीचा ७२००. प्राणवायू पाण्यात शिरतो तो तेथूनच. उथळ पाण्याच्या खळखळाटाला आपण नावे ठेवतो. माशांना तो हवाच असतो.

प्रवाळाच्या अंगातील सूक्ष्म शैवाल उजेडावर जगते. उंच टाकीच्या तळाशी उजेड पोचवायचा तर दिवे भारी, वीजबिलही भारी. (अर्थात आपल्याकडे दगडी प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे आपल्या टाकीत मासे आणि खडकच बरे.) पाण्याच्या उंचीबरोबर तळाशी दाब वाढतो, म्हणून काचही जाड लागते. आणि तळ घासायचा कोणी? ६० सें.मी. खोल पाण्यात हात जवळजवळ खांद्यापर्यंत बुडतो. तो हात टाकीच्या मालकाचा नसतो, माझ्यासारख्याचा असतो.

उथळ टाकीतले पाणी लवकर उडते, मीठ मागे राहते, म्हणून रोज गोडे पाणी घालावे लागते, हे खरे. तिला जागाही दुप्पट लागते. आमच्या खोलीत ती मावणार नाही. पण दिवाणखानेवाल्यांनी जागेची सबब सांगावी?