मंत्र, यंत्र आणि आपण

जादूच्या गोष्टी लहान मुलांच्या आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचा, अशी वाटणी आपण आर्ट्सच्या मंडळींनी करून टाकली आहे. मला ही वाटणी मान्य नाही.

रिक कुक या अमेरिकन लेखकाची ‘विझर्ड्स बेन’ ही 1989 सालची विनोदी कादंबरी पाहा. तिचा नायक विझ झुमवॉल्ट हा प्रोग्रॅमर. त्याला जादूगारांच्या जगात ओढून नेले जाते. तिथे मोठे मंत्र अंगी सिद्धी असणाऱ्यालाच साधतात आणि एक शब्द चुकला की अनर्थ! याच्या अंगी तर जादूचा लवलेशही नाही. पण मंत्र म्हणजे तरी काय? ठरलेल्या क्रमाने दिलेल्या सूचनाच ना? मग लहान लहान मंत्र एकमेकांना जोडून तो मोठे काम करून घेतो. यातली गंमतही तीच. यंत्र काय आणि मंत्र काय, आपल्या मनातले ओळखत नाही. सांगितले तेवढेच करते!

हा निव्वळ पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. विश्रांतवाडीत राहून मला तरी तसे वाटत नाही. माउलींची पालखी दरवर्षी आळंदीहून पुण्याला आमच्यावरूनच जाते. त्यांनी भिंत चालवली, रेड्यामुखी वेद वदवले, असे घरोघरी सांगतात. माझ्या मते त्यांचा खरा चमत्कार निराळाच. थोड्यांच्याच ओठी असलेली गीता त्यांनी शके 1212 मध्ये मराठीतून सर्वांना खुली केली.

याच पुण्यात 1988 साली सी-डॅक स्थापन झाली आणि 1991 साली तिने ‘परम 8000’ हा महासंगणक घडवला. यंत्र दाराशी आले. त्याची भाषा मात्र कित्येकांना अजून बंद पोथीच वाटते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कॉम्प्युटरच्या क्लासात इंग्रजी आज्ञा अर्थ न कळता घोकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मांत्रिकाचे शब्द पुटपुटावेत, तशा! सिद्धी जन्मजात नसते, रीत उमगली की साधते, हे त्यांना हसत हसत सांगणारी गोष्ट मराठीत हवी.

डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 साली ‘कृष्णविवर’ लिहून विज्ञानकथेची वाट रुंद केली. आपल्याकडे वेताळ आहे, वाघावर बसून येणारा चांगदेव आहे. या मंडळींची कॉम्प्युटरशी गाठ घालून देणारा लेखक तेवढा बाकी आहे. तो सायन्सच्याच वर्गातून यावा, असा नियम थोडाच आहे?