आधीपासूनच क्वेकर

प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश असतो, त्याच्याशी संवाद साधायला पुरोहित लागत नाही, शस्त्र कोणत्याही कारणाने उचलू नये, खरे बोलणाऱ्याला शपथेची गरज नसते, ही मते कित्येक जण आयुष्यभर एकट्याने बाळगतात. पुढे कधीतरी क्वेकर या ख्रिस्ती पंथाशी गाठ पडते आणि आपण मुळातच क्वेकर होतो, असे त्यांच्या ध्यानात येते. धर्मांतराच्या रूढ कल्पनेत हा प्रकार बसत नाही, कारण सोडण्यासारखे जुने मत इथे काही उरलेलेच नसते.

पंथाची सुरुवातही अशीच झाली. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या वायव्येला, वेस्टमोरलंडमध्ये, ‘सीकर्स’ म्हणजे शोधक लोक राहत. पगारी धर्मगुरूंवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. एकत्र जमून ते मौनात वाट पाहत बसत. जून १६५२ मध्ये पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स फरबँक फेल या डोंगरावर त्यांच्यापुढे सुमारे तीन तास बोलला आणि त्यातले पुष्कळ जण त्याला येऊन मिळाले. फॉक्सने त्यांना नवे मत फारसे दिले नसावे. दिली ती खात्री आणि पुढे संघटना.

मते जुळली की माणूस आपोआप सभासद होतो, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये बाप्तिस्मा नाही, ठरलेला श्रद्धाजाहीरनामा नाही. रूढ रीतीप्रमाणे अर्जदाराला दोन सभासद भेटतात, मोकळेपणी बोलतात आणि मग सभा निर्णय घेते. खरी कसोटी त्यानंतरची. क्वेकर सभेत मतदान होत नाही. सभेचा कल ओळखून कार्यवाह तो तिथेच लिहून वाचून दाखवतो, आणि एकट्याने जपलेल्या मताला इतरांसाठी थांबावे लागते.

हे थांबणे नेहमी शहाणपणाचेच ठरले, असे इतिहास सांगत नाही. अमेरिकेतले अनेक सधन क्वेकर गुलाम बाळगत. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या सभेत बेंजामिन ले या ठेंगण्या, हट्टी माणसाने याच्या निषेधार्थ पोकळ केलेल्या पुस्तकात लपवलेल्या, लाल रसाने भरलेल्या पिशवीत तलवार खुपसली. रक्तासारखे शिंतोडे शेजाऱ्यांवर उडाले. त्याला पंथाबाहेर काढण्यात आले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगण्यावर पूर्ण बंदी घातली ती १७७६ मध्ये, लेच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. प्रत्येकातल्या प्रकाशाचे तत्त्व मधल्या काळात सगळ्यांनाच मान्य होते! तेव्हा मतांच्या जुळणीला किती महत्त्व द्यायचे, हे या उदाहरणावरून ठरवावे.

शिवाय मौन सभा हे पंथाचे केवळ एक रूप आहे. जगात सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत. तिथे १९०२ मध्ये कैमोसी येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी काम सुरू केले. तिथल्या बहुतेक सभांत पाद्री असतो, प्रवचन होते, आणि गाणीही मोठ्याने म्हटली जातात.