शाफ्टाला वेल्डिंग नको, बदलूनच घ्या



१ जून ते ३१ जुलै बंदी. या दोन महिन्यांत आपण होड्या वर काढतो, इंजिन खोलतो, जाळी शिवतो. पण मासळी नेणाऱ्या पिकअपखाली कोण वाकून बघतो? आमचं स्पष्ट मत आहे, गाडीचा शाफ्ट बंदीतच तपासा, खराब असेल तर बदला.

बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळतं ते शाफ्टावरच. क्रॉसमधलं ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो. क्लच सोडताना खालून 'कट्ट' आवाज आला, वेगात गाडी थरथरली, तर आधी क्रॉस आणि सेंटर बेरिंग बघा.

काहीजण चिरलेल्या शाफ्टाला वेल्डिंग मारतात. पैसे वाचतात खरे, पण बॅलन्स बिघडला की गिअरबॉक्सलाही मार बसतो. आणि चोर्ला घाटात तो तुटला, तर इंजिनाची ओढ संपली. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर! बेळगावचा बाजार एक दिवस चुकला तर चालेल, ड्रायव्हर घरी परत यायला हवा.

काम करताना चाकांना दगड लावा. शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते. फक्त क्रॉस बदलणार असाल तर खोलण्याआधी दोन्ही टोकांना खुणा करा, म्हणजे शाफ्ट होता तसाच बसेल.

होडीसाठी पैसे बाजूला ठेवतो, तसे गाडीसाठीही ठेवूया. तुम्हाला काय वाटतं, कळवा.