गुणवत्ता म्हणजे केवळ मजबुती नव्हे

अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीस खुली झाली, तेव्हा नवा पूल आणि त्याला जोडला जाणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत सुमारे दीड मीटरचे अंतर असल्याचे मुंबईकरांनी पाहिले. प्रश्न पोलादाच्या वा काँक्रीटच्या मजबुतीचा नव्हता. रेल्वेमार्गावरील पुलाची उंची रेल्वेच्या नव्या निकषांनुसार वाढवण्यात आली होती. निकष पाळला गेला. जोडणी मात्र हुकली.

फिलिप क्रॉस्बी यांच्या मते ठरलेल्या अपेक्षांची पूर्तता म्हणजे गुणवत्ता. जोसेफ जुरान यांनी भर दिला तो वापरयोग्यतेवर. प्रकल्प व्यवस्थापनाला दोन्हींचे भान हवे. अंधेरीचा पूल पहिल्या कसोटीला उतरला, दुसऱ्या कसोटीला नाही. अखेर बर्फीवाला पूल जॅक लावून उचलावा लागला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले.

काम संपल्यावर केलेल्या तपासणीत दोष सापडतो; नियोजनातच दक्षता घेतली तर तो टळतो. उंची बदलण्याचे ठरले, त्याच दिवशी शेजारच्या पुलाचा आराखडा शेजारी मांडायला हवा होता. त्याला लागला असता तो थोडा वेळ. ते न केल्याचा भुर्दंड मात्र करदात्यांना आणि प्रवाशांना सोसावा लागला.