शस्त्रकर्मानंतरचा निर्णय आणि वैद्याचे उत्तरदायित्व

पौरुषग्रंथीच्या कर्करोगाचा रुग्ण पूर्वी आपल्याकडे येई तो बहुधा अखेरच्या अवस्थेत, कंबरेची आणि कण्याची वेदना घेऊन. अलीकडे वेगळाच रुग्ण येऊ लागला आहे. त्याची ग्रंथी शस्त्रकर्माने काढून टाकलेली असते, जखम भरून आलेली असते, भूक-झोप ठीक असते आणि हातात पी.एस.ए.चा ताजा अहवाल असतो. शल्यविशारदांनी किरणोपचारांविषयी सुचविलेले असते. रुग्ण विचारतो, "वैद्यराज, किरणे घ्यावीत, की आपल्याकडे काही औषध आहे?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, याचा विचार आपल्या व्यवसायात पुरेसा झालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मत बनण्यास कारण घडले ते माझ्याच चिकित्सालयात. सुमारे चौदा वर्षांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले. शस्त्रकर्मास वर्ष उलटले होते. पी.एस.ए. ०.३ होता. अहवालावर प्राकृत मर्यादा ० ते ४ अशी छापलेली होती आणि त्या ०.३ पुढे प्रयोगशाळेने कोणतीही खूण केलेली नव्हती. त्यांच्या मेहुण्यांना दुसऱ्या व्याधीत किरणोपचारांचा झालेला त्रास त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे मन धास्तावलेले. 'किरणे घेऊ नका' असे मी म्हटले नाही. 'तीन महिने औषध घेऊन पाहू' इतकेच म्हणालो. कांचनार गुग्गुळ, चंद्रप्रभा, गोक्षुरादि गुग्गुळ आणि पथ्य अशी योजना केली. मलावष्टंभ गेला, मूत्रप्रवृत्ती सुखाची झाली, वजन वाढले. ते समाधानी, मीही समाधानी. तीन महिन्यांचे अकरा महिने कधी झाले ते दोघांनाही कळले नाही. पुढचा अहवाल २.१ आला. त्यानंतर त्यांनी किरणोपचार घेतले, पुढे हार्मोनरोधक इंजेक्शनेही घ्यावी लागली. वेळेवर गेले असते तर निश्चित काय झाले असते हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु ते अकरा महिने माझ्या खात्यावर आहेत.

चूक कोठे झाली? ० ते ४ ही मर्यादा ग्रंथी शाबूत असलेल्या पुरुषासाठी असते. पी.एस.ए. हे द्रव्य या ग्रंथीच्या पेशींतूनच निर्माण होते. ग्रंथी समूळ काढल्यावर सहा ते आठ आठवड्यांत ते जवळजवळ मोजता न येण्याइतके उतरले पाहिजे. पुढे ते ०.२ किंवा त्याहून अधिक झाले आणि फेरतपासणीतही तसेच आढळले, तर व्याधीचा पुनरुद्भव मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे अहवालावर निर्दोष दिसणारा ०.३ हा आकडा या रुग्णाच्या बाबतीत धोक्याची सूचना होता. मी लक्षणे पाहत राहिलो. लक्षणे मूत्रमार्गाची आणि कोष्ठाची होती, अर्बुदाची नव्हतीच.

या व्याधीची मंद गती आपली फसवणूक करते. १९९९ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका सुप्रसिद्ध अभ्यासात, शस्त्रकर्मानंतर पी.एस.ए. वाढू लागलेल्या रुग्णांत ती वाढ आणि अस्थी इत्यादी ठिकाणी दिसून येणारा प्रसार यांत मध्यमानाने आठ वर्षे गेल्याचे आढळले. इतकी वर्षे रुग्ण हिंडतो-फिरतो, आणि तेवढा काळ त्याला कोणत्याही औषधाचा गुण आल्यासारखे वाटू शकते.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शस्त्रकर्मानंतर प्रत्येकास तत्काळ किरणोपचार हवेतच, असे आधुनिक वैद्यकही आता म्हणत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात २१५३ रुग्ण होते. निम्म्यांना लगेच किरणे देण्याचे ठरले, उरलेल्यांवर नजर ठेवून पी.एस.ए. वाढू लागताच किरणे देण्याचे. दोन्ही गटांच्या परिणामांत लक्षणीय अंतर दिसले नाही, आणि थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्या कालावधीत किरणांची गरजच भासली नव्हती. लगेच किरणे घेतलेल्यांत मूत्र-असंयमाचा त्रास मात्र अधिक होता. तेव्हा थांबण्यास शास्त्राधार आहे. पण ते थांबणे ठरलेल्या तारखांच्या तपासण्यांनी बांधलेले आहे. आकडा ०.५ च्या वर जाण्यापूर्वी दिलेली किरणे अधिक उपयुक्त ठरतात, असा आजचा अनुभव आहे. काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीत ग्लिसन अंक मोठा असेल, कडेपर्यंत रोग पोचलेला असेल किंवा शुक्राशय बाधित असेल, तर निर्णय आणखी लवकर घ्यावा लागतो. तो अहवाल न वाचता आपण मत देऊ नये.

याच आकड्यांतून आपल्यासाठी एक कटू निष्कर्ष निघतो. दहा रुग्णांना आपण चूर्ण दिले आणि पाच-सहा जणांचा पी.एस.ए. वाढला नाही, तर ते यश चूर्णाचे ठरत नाही. काही न देताही तसेच घडले असते. आपल्या संमेलनांतून सादर होणाऱ्या रुग्णकथांत हा विचार मला क्वचितच ऐकू येतो.

किरणोपचार हा आपला विषय नव्हे, असे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात अर्बुदाचा अंश शेष राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे असे बजावले आहे. शस्त्रकर्मानंतरचा ०.३ म्हणजे हाच शेष नव्हे काय? आणि चरकांनी पक्व गुल्माच्या प्रसंगी अधिकार धान्वन्तरीयांचा, असे सांगून रुग्ण शल्यतंत्राकडे सोपविला. कायचिकित्सेच्या आद्य आचार्यांना ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपल्याला का वाटावा?

आपले कार्य यामुळे संपत नाही. किरणोपचारांच्या काळातील अग्निमांद्य, दाह, द्रवमलप्रवृत्ती, थकवा, निद्रानाश यांत आपला आहारविचार आणि सौम्य औषधे उपयोगी पडतात, मात्र किरणोपचारतज्ज्ञांना कळवूनच. बस्तीविषयी विशेष सावध असावे. गुदाची पुढची भित्ती किरणांच्या टप्प्यात असते आणि नंतर दीर्घकाळ नाजूक राहते. वातव्याधी दिसला की मात्राबस्ती, ही आपली सवय येथे घातक ठरू शकते.

दुसरी सवय वाजीकरणाची. शस्त्रकर्मानंतर क्लैब्य ही नित्याची तक्रार; पुरुष ती शल्यविशारदांना सांगत नाही, आपल्याला दबक्या आवाजात सांगतो, आणि आपण अश्वगंधा, शिलाजतू लिहून मोकळे होतो. या दोन्ही द्रव्यांनी काही लहान चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे दिसले आहे. ज्या व्याधीत तेच हार्मोन दाबण्यासाठी इंजेक्शने दिली जातात, तेथे ही योजना करणे म्हणजे एकीकडे विस्तव विझवून दुसरीकडे फुंकर घालण्यासारखे आहे.

औषधालयांच्या मालकांनाही चार शब्द. 'प्रोस्टेटसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या बिगर-चिठ्ठीच्या दिल्या जातात. मूत्राच्या त्रासासाठी मागणाऱ्यास 'शस्त्रकर्म झाले आहे का?' एवढे तरी विचारावे. अमेरिकेत पी.सी. स्पेस नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण फार गाजले होते. त्याने पी.एस.ए. खरोखर उतरत असे. १९९८ साली त्यात स्त्री-हार्मोनसदृश क्रिया आढळली, पुढे काही साठ्यांत कृत्रिम इस्ट्रोजेन सापडले, आणि २००२ साली रक्त पातळ करणारे वॉरफरिन सापडल्यावर ते बाजारातून परत घ्यावे लागले. 'केवळ वनौषधी' या लेबलवर विसंबलेल्या रुग्णांचा त्यात काय दोष? शिवाय कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे, याचा विसर आपल्या गल्ल्यामागच्या फलकांना पडलेला दिसतो.

आता मी पुढील पी.एस.ए.ची तारीख रुग्णपत्रावर लाल शाईने लिहितो. त्या तारखेचा अहवाल आल्याखेरीज औषध पुढे चालू करीत नाही, आणि तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावयास सांगतो. पैशाची अडचण सांगणाऱ्यास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश असल्याचे सांगतो. पुष्कळांना ते ठाऊक नसते. शल्यविशारदांना मी कोणती औषधे देतो याचे पत्र पाठवतो. सुरुवातीस उत्तरे येत नसत, हल्ली येतात. अशा पत्राचा एक पानी मराठी नमुना आपल्या संघटनेने पुढील अंकासोबत सर्व सभासदांना द्यावा, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. मसुदा तयार करून देण्यास मी तयार आहे.